चॅपलच्या खिडकीला आजचा चित्रकार हवा

डिसेंबर १९४० मध्ये इंग्लंडमधल्या ईटनच्या शाळेवर जर्मन बॉम्ब पडला आणि तिच्या चॅपलच्या, म्हणजे प्रार्थनामंदिराच्या, जवळजवळ सगळ्या रंगीत काचांचा चुरा झाला. वास्तू पंधराव्या शतकातली. तेव्हा जुन्याबरहुकूम खिडक्या करून घेणं सोपं होतं, कुणी नावंही ठेवली नसती. शाळेने ते केलं नाही, आणि फार बरं केलं.

पूर्वेची भली मोठी खिडकी डब्लिनच्या ईव्ही होन यांच्याकडे सोपवली गेली. लहानपणीच पोलिओ झालेल्या या चित्रकर्तीने पॅरिसमध्ये क्युबिझमचे धडे गिरवले होते. १९५२ मध्ये खिडकी बसली : वर क्रुसावरचा ख्रिस्त, खाली शेवटचं भोजन.

नॉर्थॅम्प्टनशरमधल्या औंडलच्या शाळेने तर आणखी धाडस दाखवलं. आपल्या चॅपलच्या खिडक्या तिने जॉन पायपर यांच्याकडे सोपवल्या. पायपर पन्नाशीचे, नावाजलेले चित्रकार. पण खिडकीची काच त्यांनी कधी केलेली नव्हती. सोबत होते तरुण पॅट्रिक रेन्टियन्स. पायपर चित्र काढत, रेन्टियन्स ते काचेत उतरवत. काचेतला मुख्य रंग वरून दिलेला नसतो. काच वितळलेली असतानाच तो तिच्यात मुरतो. कोबाल्टने निळा, सोन्याच्या अंशाने माणकासारखा लाल. मग तुकडे कापायचे, चेहऱ्याच्या रेषा काळपट रंगाने ओढून भट्टीत भाजायच्या, शिशाच्या पट्ट्यांत तुकडे बसवून सांध्यांना डाख द्यायचा. ती शिशाची काळी रेघ चित्राच्या आड येत नाही. शेजारचे दोन रंग एकमेकांत सांडू नयेत, हे तीच पाहते. १९५६ पर्यंत औंडलला तीन खिडक्यांत ख्रिस्ताची नऊ रूपं उभी राहिली, ताठ, लांबट, गंभीर. पुढे याच जोडीने ईटनच्या आठ खिडक्या केल्या आणि कॉव्हेंट्रीच्या कॅथीड्रलमधली १९५ तावदानांची प्रचंड खिडकीही. सुरुवात मात्र एका शाळेने विश्वास टाकला म्हणून झाली.

जुनं शाबूत असेल तर ते जिवापाड जपावं, यात वाद नाही. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरमधल्या रंगीत काचांची डागडुजी झाली, ते योग्यच झालं. पण जिथे जुनं उरलेलंच नाही तिथे नक्कल बसवणं म्हणजे मुलांची फसवणूक आहे. मोठी माणसं चर्चमध्ये आठवड्याला एकदा जातात. निवासी शाळेतलं मूल चॅपलमधल्या त्याच बाकावर वर्षानुवर्षं बसतं. हिवाळ्यात काळवंडलेली आणि उन्हाळ्यात पेटलेली तीच काच ते पाहत राहतं. इतका वेळ दुसऱ्या कुठल्या चित्राला मिळतो?

म्हणून ज्या शाळेला नव्या खिडक्या करायच्या असतील तिच्या विश्वस्तांना विनंती : दरपत्रकं मागवण्याआधी आजच्या एखाद्या चांगल्या चित्रकाराला बोलवा. त्याला सकाळच्या प्रार्थनेपासून दिवेलागणीपर्यंत मुलांच्या बाकावर बसू द्या, आणि मगच कागद हातात द्या.