जुने स्पीकर, वेगळा सबवूफर

गेल्या महिन्यात आम्ही दोन दिवस आपट्याला खालाकडे होतो. पनवेल-रोहा मार्गावरचे हे छोटे स्टेशन. 1995 च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ मधला शेवटचा गाडीचा प्रसंग याच फलाटावर चित्रित झाला, हे गावात आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवले जाते. सलाम-दुआ होते न होते तोच खालाच्या धाकट्याने आम्हाला संगणकापुढे बसवले. ओळखीच्या माणसाकडून त्याने एक वापरलेला सबवूफर आणला होता. “भाईजान, आपल्या स्टेशनातून गाडी सुटते ती धडधड या डबड्यांतून येतच नाही. शिवाय दादीला टीव्हीचं काही ऐकू येत नाही. मोठा डबा लावला की येईल ना?”

दुसऱ्या प्रश्नाकडे नंतर येतो. धडधडीचे त्याचे म्हणणे बरोबर होते. साधारण 100 हर्ट्झच्या खालचा खर्ज काढायचा तर बरीच हवा ढकलावी लागते. संगणकाच्या स्पीकरचा तीन इंची पडदा ती ढकलणार कशी? ते काम सबवूफरचे.

असा डबा घरी आला की आधी त्याची पाठ बघावी. स्वतःची विजेची वायर असेल तर आत अ‍ॅम्प्लिफायर आहे, काम सोपे. नुसत्या लाल-काळ्या दोन तारा असतील तर तो जुन्या होम थिएटरचा मुका डबा. त्याला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो, संगणकाच्या पिनेवर तो चालत नाही. याच्या डब्याला वायर होती.

पण पठ्ठ्याने उजव्या स्पीकरकडून डाव्याकडे जाणारी तार सोलायला घेतली होती! आम्ही तिथेच त्याचा हात धरला. अशा जोडीत अ‍ॅम्प्लिफायर बहुधा एकाच स्पीकरमध्ये असतो आणि दुसऱ्याकडे जाणाऱ्या तारेतून आधीच वाढवलेला आवाज वाहतो. तो सबवूफरच्या नाजूक इनपुटमध्ये घातला तर इनपुट जळू शकते, आणि चुकून दोन तारा एकमेकींना लागल्या तर स्पीकरही जातो.

आवाज घ्यायचा तो वाढण्याआधी, म्हणजे संगणकाच्या हिरव्या छिद्रातून. तिथे स्प्लिटर लावायचा, एकाची दोन तोंडे करणारी पिन. एका तोंडात जुने स्पीकर. दुसऱ्यात अशी वायर, जिच्या एका टोकाला साधी हेडफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या आरसीए पिना असतात. त्या दोन्ही सबवूफरच्या लाल-पांढऱ्या इनपुटमध्ये. झाले. सबवूफरला एकच इनपुट असेल तर लाल-पांढऱ्या तारा एकत्र पिळू नका, दोन आउटपुट एकमेकांवर जोर करतात. एकच पिन लावा. बहुतेक गाण्यांत खर्ज दोन्ही बाजूंना सारखाच असतो, फार काही हुकत नाही.

आता स्पीकरवरचे बटण फिरवले तर फक्त स्पीकरचाच आवाज बदलेल, सबवूफर आपल्याच तालात राहील. म्हणून दोघांचा मेळ एकदा बसवावा आणि पुढे आवाज संगणकातूनच कमी-जास्त करावा. क्रॉसओव्हरचे बटण 100 ते 120 च्या आसपास ठेवावे.

जोडल्यावर डबा गुणगुणू लागला. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, तिचीच ती घरघर. संगणक, स्पीकर आणि सबवूफर एकाच बोर्डावर लावले आणि ती बरीचशी गेली. काही जण यावर उपाय म्हणून प्लगची अर्थिंगची जाड पिन मोडतात. ते कधीच करू नये. यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली तर जीव वाचवणारी पिन तीच.

मगरीबनंतर दादींना समोर बसवून बातम्या लावल्या. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. दादी म्हणाल्या, “ढम-ढम येतंय रे, बोलणं नाही येत.” पोराचा चेहरा उतरला. साठवलेले पैसे त्याने याच आशेवर घातले होते.

यात डब्याचा दोष नाही. वयाबरोबर आधी जातात ते वरच्या पट्टीतले आवाज. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरे तिथेच राहतात, हजारो हर्ट्झवर. सबवूफर त्यांना हातही लावत नाही. उलट त्याच्या घुमण्यात उरलेले शब्दही बुडतात. आम्ही सबवूफर बंद केला, एक छोटा स्पीकर उचलून दादींच्या खुर्चीशेजारी कानाच्या उंचीवर ठेवला. दादींनी पुढची बातमी आम्हाला सांगितली. कान एकदा डॉक्टरांना दाखवावेत, हेही खालाला सांगितले. “वय झालं” म्हणून आपल्या घरांत हे फार सहज सोडून दिले जाते.

रात्री सिनेमा लावण्याआधी एक काम उरले होते. शेजारच्या घराची भिंत सामाईक आणि तिथली मुलगी दहावीला. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री दहा ते सहा 45 डेसिबलची मर्यादा आहे, पण मोजायला यंत्र कुणाकडे असते? आम्ही शेजारी जाऊन बसलो आणि पोराला गाणे लावायला सांगितले. शब्द एकही येत नव्हता, धपधप मात्र भिंतीतून येत होती. 50 हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते, तिला आपली भिंत काय अडवणार! डबा कोपऱ्यातून काढून समोरच्या भिंतीच्या मध्यावर ठेवला, कोपऱ्यात खर्ज फुगतो. मग फोनवरून “अजून कमी, अजून कमी” करत धपधप थांबली तिथे बटणावर पेनाने खूण केली.

त्या खुणेवरही गाडी सुटली तेव्हा खोलीत धडधड झाली, पोराला हवी होती तेवढी नाही. दादींच्या खुर्चीपर्यंतची वायर दोन हात कमी पडते आहे. ती पनवेलहून आणायचे त्याने कबूल केले आहे.