पत्ताकोबी बंद केल्याने फिट थांबत नाही

फिट आलेल्या माणसाच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये हरभऱ्याएवढी गाठ दिसते, ‘ही जंताची गाठ असू शकते’ असं डॉक्टर सांगतात, आणि घरी परतल्याबरोबर पहिला निर्णय होतो तो पत्ताकोबी बंद करण्याचा. आंधळगाव-मोहाडीकडे काय किंवा भंडारा शहरात काय, कोबीतली अळी डोक्यात चढते हा समज पक्का आहे. माळकरी घरात याच्या जोडीला एक प्रश्न ठरलेला असतो: ‘डॉक्टरसाहेब, आमच्या घरी अंडंसुद्धा शिजत नाही, मग हा रोग आमच्याकडे आला कसा?’

प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर मात्र कोबीत नाही, आणि गावाच्या टोकाला डुकरं पाळणाऱ्यांकडे बोट दाखवूनही मिळत नाही. मेंदूतल्या या गाठीची सुरुवात माणसाच्या शौचातून होते. हे ऐकायला बरं वाटत नाही, म्हणून आपण भाजीला दोष देतो, असं माझं मत आहे.

टेपवर्म म्हणजे फितीसारखा चपटा, लांबच लांब जंत. डुकराकडून येणाऱ्या जातीचं नाव टीनिया सोलियम. डुकराच्या मांसात त्याच्या पिल्लांच्या पाणीदार पुटकुळ्या असतात. ते मांस अर्धकच्चं खाल्लं तर माणसाच्या आतड्यात जंत वाढतो, दोन-चार मीटर लांब होतो आणि वर्षानुवर्षं राहतो. त्रास फारसा नसतो. कधी पोट दुखतं, कधी शौचात पांढरे चपटे तुकडे दिसतात, बस. पण त्या माणसाच्या शौचातून हजारो अंडी बाहेर पडत राहतात. ती डुकराने खाल्ली तर डुकराच्या मांसात पुटकुळ्या होतात, आणि माणसाने गिळली तर त्याच पुटकुळ्या माणसाच्या स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत होतात. मेंदूतल्या या आजाराला न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात.

म्हणजे मांस खाऊन पोटात जंत होतो आणि अंडी गिळून मेंदूत गाठ होते. हे दोन वेगळे आजार आहेत. दुसऱ्यासाठी मांस खावं लागत नाही. जंत पोटात असलेल्या माणसाने शौचानंतर साबणाने हात न धुता कणीक मळली, पाणी बुडवून दिलं, तरी पुरे. म्हणून शाकाहारी माणसालाही हा आजार होतो. मांसातून पोटात जंत होतो हे जर्मनीच्या क्युशेनमायस्टर नावाच्या डॉक्टरने १८५५ साली दाखवलं, तेही फाशीच्या कैद्याला न सांगता पुटकुळ्या असलेलं मांस खाऊ घालून. आजच्या काळात असा प्रयोग करणारा तुरुंगात जाईल, पण ज्ञान तिथून आलं हे खरं.

दुसरी गोष्ट वेळेची. फिट आज आली म्हणून कालची भाजी आठवायची नसते. हिंदुस्थानात नोकरी करून मायदेशी परतलेल्या इंग्रज सैनिकांना तिकडे फिट येऊ लागल्या. अशा ४५० रुग्णांचा अभ्यास डिक्सन आणि लिप्सकोंब यांनी १९६१ साली प्रसिद्ध केला. बऱ्याच जणांची पहिली फिट संसर्गानंतर काही वर्षांनी आलेली होती. जिवंत पुटकुळी मेंदूत गुपचूप बसून असते. ती मरायला लागली की शरीर तिच्यावर धावून जातं, आजूबाजूला सूज येते आणि मग फिट येते.

आपल्याकडे अशा एकट्या छोट्या गाठीला पूर्वी सर्रास टीबीची गाठ समजत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या चांडी, राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९च्या सुमारास अशा गाठी काढून तपासल्या, तेव्हा त्यातल्या पुष्कळशा या जंताच्या निघाल्या. अशी एकटी गाठ बरेचदा काही महिन्यांत आपोआप विरते. फिटच्या गोळ्या मात्र डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्याव्याच लागतात. दोन महिने फिट आली नाही म्हणून गोळ्या सोडणारे पुष्कळ असतात. हातमागावर कोसा विणणारा असो की धानाच्या बांधीत चिखल करणारा, गोळ्या सोडून तलावावर, विहिरीवर किंवा मोटारसायकलवर एकट्याने जाणं जिवावर बेतू शकतं. चप्पल हुंगवणं, कांदा नाकाला लावणं, मुलीचं लग्न मोडेल म्हणून आजार लपवणं, याबद्दल काय बोलावं!

आणि कृपा करून मेडिकलमधून स्वतःच जंताच्या गोळ्या आणून खाऊ नका. मेंदूत गाठी असताना अल्बेंडाझोल किंवा प्राझिक्वांटेल घेतलं, तर पुटकुळ्या एकदम मरून सूज वाढते आणि फिट येऊ शकते. म्हणून हे उपचार स्कॅन पाहून, सूज कमी करणाऱ्या औषधाच्या आडोशाने करतात.

स्कॅनमध्ये गाठ सापडल्यावर आपण रुग्णाला नागपूरपर्यंत नेतो, हजारो रुपये खर्च करतो. पण त्याच घरात, त्याच चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या माणसाच्या पोटात जंत आहे का, हे बघायचं कुणालाच सुचत नाही. माझ्या मते अशा प्रत्येक रुग्णाच्या घरच्यांना शौचात पांढरे तुकडे दिसतात का हे विचारलंच पाहिजे, आणि त्यांची शौचतपासणी झाली पाहिजे. एका तपासणीत अंडी सापडतीलच असं नाही, दोन-तीनदा करावी लागते. जंत सापडला तर औषध स्वस्त आहे. यात अपमान वाटण्यासारखं काही नाही. जंत कुणाच्याही पोटात होतो.

शाळा-अंगणवाडीत फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये मिळणारी जंताची गोळी चांगलीच आहे, मुलांना जरूर द्या. पण ती १ ते १९ वर्षांच्या मुलांसाठी आणि मुख्यतः गोल जंतांसाठी आहे. टेपवर्मला एक गोळी पुरेल अशी खात्री नसते, आणि घरातली मोठी माणसं त्यात येतच नाहीत.

आता डुकराबद्दल. डुकराला हा रोग आपण देतो. संडास असूनही जो लोटा घेऊन बोडीकडे जातो, तो डुकराला अंडी खाऊ घालतो. डुकरासाठी टीएसओएल१८ प्रकारची लस निघाली आहे आणि ती हैदराबादच्या इंडियन इम्युनोलॉजिकल्सने बनवली आहे. लसीसोबत ऑक्सफेंडाझोल हे औषध दिलं की डुकरातला संसर्ग तुटतो. आपल्या शेजारच्या राज्यात तयार होणारी ही लस माझ्या ओळखीच्या एकाही डुक्करपालकाला माहीत नाही. माणसांचा दवाखाना आणि जनावरांचा दवाखाना एकमेकांशी बोलत नाहीत, त्याचा हा परिणाम.

शेळीच्या लेंड्यांत भाताच्या शितासारखे तुकडे दिसले की लोक घाबरतात. तो बहुधा मोनिझिया असतो. गवतातल्या बारीक कीटकांमधून तो शेळीच्या पोटात जातो. करडं त्याने खंगतात, त्यांना पशुवैद्यकाकडून औषध द्यावं, पण तो माणसाला होत नाही. खरी काळजी कुत्र्याची. नवसाचा बकरा कापला की काळजात किंवा फुप्फुसात कधी पाण्याने भरलेली गाठ निघते, आणि ती सरळ कुत्र्यापुढे फेकतात. कुत्र्याच्या आतड्यात त्यातून काही मिलिमीटरचा इकायनोकोकस नावाचा टेपवर्म वाढतो. कुत्र्याच्या विष्ठेतली, अंगाच्या केसांवरची अंडी मुलांच्या हातातून पोटात जातात आणि काही वर्षांनी काळजात नारळाएवढी हायडॅटिड गाठ सापडते. ती सुई टोचून फोडायची गाठ नव्हे. आत फुटली तर तीव्र ॲलर्जीने जीव जाऊ शकतो.

अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ साली अन्नातून होणाऱ्या परजीवींची क्रमवारी लावली, त्यात टीनिया सोलियम पहिला आणि हाच इकायनोकोकस दुसरा होता. आइसलँडमध्ये एकोणिसाव्या शतकात हायडॅटिड घरोघरी होता. क्रॅब नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने तिथली कुत्री तपासली, साध्या भाषेत पुस्तिका लिहिली, ती घरोघर वाटली गेली, आणि लोकांनी गाठीचं मांस कुत्र्याला देणं थांबवलं. आज तिथे तो रोग राहिलेला नाही. त्यांच्याकडे तेव्हा या जंतावर भरवशाचं औषधही नव्हतं.

कोबी खुशाल खा. वरची पानं काढा, वाहत्या पाण्यात चोळून धुवा, नीट शिजवा. मिठाच्या पाण्यात बुडवून अंडी मरत नाहीत, चोळून धुतल्याने निघून जातात. शिजवल्यावर तर प्रश्नच उरत नाही, म्हणून मला कोबीपेक्षा भाजीवर वरून टाकलेल्या कच्च्या सांबाराची, मुळ्याची आणि गाजराची जास्त चिंता वाटते. डुकराचं मटन आतून गुलाबी राहू देऊ नका. बकरा कापलात तर गाठ असलेला भाग जाळा, नाहीतर कुत्र्याला उकरता येणार नाही इतका खोल पुरा. घरच्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी प्राझिक्वांटेल द्यायला पशुवैद्यकाला सांगा. आणि घरात कुणाला पांढरे तुकडे दिसत असतील, तर ते डबीत घालून लाजता दवाखान्यात आणा. आम्हाला त्याची सवय आहे.