ओव्हरहोल्टांचे घर

पिट्सबर्गहून तासाभरावर वेस्ट ओव्हर्टनला ओव्हरहोल्टांचे १८३८ चे विटांचे घर आहे. धंदा दारूचा, म्हणून काहीजण नाक मुरडतील. पण ही माणसे मेनोनाइट पंथाची, शेतकरी आणि विणकर. राय हे गव्हाच्या जातीचे धान्य. ते घोड्यावर लादून डोंगरापलीकडे नेणे परवडत नसे. त्याची दारू परवडे. एब्राहम ओव्हरहोल्टने १८१० च्या सुमारास शेतावरच्या भट्टीचा व्यवसाय केला. आम्हा रसायनवाल्यांना यात नाचणीचे सत्त्व दिसते! मोड आलेल्या धान्यातली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. पुढचे काम यीस्टचे.

नातू हेन्री क्ले फ्रिक १८४९ मध्ये इथेच, झऱ्यावरच्या दोन खोल्यांत जन्मला. त्याने कोळशात पैसा केला. १९२० च्या दारूबंदीने इथली भट्टी विझली. ओव्हरहोल्ट हे नाव बाटलीवर टिकले, पण १९८७ नंतर ती दारू केंटकीत होऊ लागली. घराचे आता संग्रहालय आहे. जाण्यापूर्वी वेळ विचारून घ्यावी; मुलांना झऱ्याच्या खोल्या जरूर दाखवाव्यात.