गिरणगावात टॉवर उभे राहिले, पण गिरणी कामगाराचं घर थेट वांगणीला का निघालं?

लालबाग, परळ, चिंचपोकळी, शिवडी, वरळी. नकाशावर ही वेगवेगळी नावं आहेत, पण मुंबईकरांसाठी हा सगळा भाग म्हणजे गिरणगाव. कोकणातून, साताऱ्यातून, कोल्हापुरातून आलेला माणूस इथं खोलीत दाटीवाटीनं राहायचा, खानावळीत जेवायचा आणि भोंगा वाजला की पाळीला जायचा.

आज त्याच भागातल्या फ्लॅटच्या किमती कोटींमध्ये आहेत आणि त्याच भागात राबलेल्या कामगाराला सरकार घर देऊ करतंय ते शेलू आणि वांगणीला. दादरहून कर्जत लोकल पकडली, तर दीड तासाच्या आसपासचा प्रवास.

संपामुळे गिरण्या बंद पडल्या, जमीन विकली गेली, टॉवर आले, असं साधारण सांगितलं जातं. पण संप आणि टॉवर यांच्या मध्ये आणखी एक गोष्ट घडली होती. सरकारी नियमातले काही शब्द बदलले होते.

संपानंतर काय झालं?

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप मागे घेतल्याची अधिकृत घोषणा कधीच झाली नाही. जुनी यंत्रं, यंत्रमागाची स्पर्धा यामुळे गिरण्यांचा धंदा आधीच खालावला होता. संपानंतर अनेक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत.

पण या गिरण्यांकडे कापडापेक्षा महाग गोष्ट होती. शहराच्या मधोमध असलेली सुमारे ६०० एकर जमीन.

१९९१ चा नियम काय होता?

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. आजारी गिरण्यांना पैसा उभा करता यावा म्हणून जमीन विकायची मुभा मिळाली, पण अट होती. ढोबळमानाने जमिनीचे तीन वाटे करायचे. एक मैदानं आणि बागांसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला.

२००१ मध्ये हा नियम बदलला. वाटणी संपूर्ण जमिनीची नाही, तर फक्त मोकळ्या जमिनीची करायची, असं ठरलं. ज्या जागेवर गिरणीचं बांधकाम होतं, ती जागा हिशोबातून बाहेर गेली.

समजा गिरणी ३० एकरांची आहे आणि त्यातली ६ एकर जागा मोकळी आहे. जुन्या नियमानं महापालिका आणि म्हाडाला १०-१० एकर मिळाले असते. नव्या नियमानं दोघांच्या वाट्याला २-२ एकर येतात. बाकीचे २६ एकर मालकाचे.

हे प्रकरण कोर्टात गेलं. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल शहराच्या बाजूनं लागला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला आणि २००१ चा बदल कायम राहिला.

जमिनीचे भाव कसे गेले, यासाठी एकच उदाहरण पुरेसं आहे. २००५ मध्ये एनटीसीची मुंबई टेक्स्टाईल मिल डीएलएफनं ७०२ कोटींना घेतली. २०१२ मध्ये तीच जमीन लोढांनी सुमारे २,७०० कोटींना विकत घेतली.

शहरानं काय गमावलं?

मॉल आले, ऑफिसं आली, रोज लाखो लोक येऊ लागले. रस्ते, पूल आणि स्टेशनं मात्र बरीचशी गिरणीच्या काळातलीच राहिली. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ जणांचा जीव गेला.

मग घरं कुणाला मिळाली?

इथं दोन शेजाऱ्यांची गोष्ट वेगळी होते.

वरळीच्या बीडीडी चाळीत ज्यांची १६० चौरस फुटांची खोली होती, त्यांना त्याच जागी ५०० चौरस फुटांचं घर मोफत मिळतंय. १४ ऑगस्ट २०२५ ला पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या.

दुसरीकडे गिरणी कामगार. दीड लाखाहून जास्त कामगार आणि वारसांनी घरासाठी अर्ज केले. २०१२, २०१६ आणि २०२० च्या सोडतींमध्ये मिळून १६ हजारांच्या आसपास घरं निघाली, त्यातलीही काही पनवेलजवळच्या कोनमध्ये.

फरक सरळ आहे. खोली नावावर असेल तर कायदा तुम्हाला रहिवासी मानतो. फक्त गिरणीतली नोकरी होती, तर तुमचा वाटा म्हाडाला मिळणाऱ्या जमिनीतून यायचा. आणि तीच जमीन २००१ मध्ये आक्रसली.

आता पुढे काय?

९ जुलै २०२५ ला गिरणी कामगार आझाद मैदानावर जमले. मागणी एकच होती, घर मुंबईतच द्या. संपाच्या वेळी विशीत असलेला कामगार आज साठी ओलांडून गेलाय आणि अनेकांच्या जागी आता वारस रांगेत उभे आहेत.

एनटीसीच्या काही गिरण्यांच्या जमिनी मुंबईत अजून शिल्लक आहेत. त्यांचा निर्णय होईल तेव्हा टॉवर किती मजली, यापेक्षा एक प्रश्न आधी विचारायला हवा. वाटणी कोणत्या जमिनीची धरली आहे, सगळ्या की फक्त मोकळ्या?