पदराआडचं हृदय



हृदयविकार म्हटलं की डोळ्यांपुढे कोण येतं? पन्नाशीतला, पोट सुटलेला, छातीवर हात दाबून धरलेला पुरुष. बाई सहसा येत नाही. बाईचं आरोग्य म्हणजे गर्भाशय, पाळी, बाळंतपण आणि फार तर रक्तक्षय, असं सरकारी योजनांनी ठरवून टाकलं आहे आणि आपल्या शिबिरांमधली चर्चाही बरेचदा तिथेच थांबते. या वेळी मला बाईच्या हृदयाबद्दल लिहायचं आहे. अधिक नेमकं सांगायचं तर, ते तपासायला उद्याचे डॉक्टर कसे शिकतात, याबद्दल.

एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मी समाजसेवक म्हणून काम करते. कागदपत्रं, योजनेची मंजुरी, रक्ताची सोय, घरच्यांची समजूत अशा कामांसाठी दिवसातून अनेकदा वॉर्डात जाणं होतं. तिथे नव्याने वॉर्डात यायला लागलेली मुलं-मुली दिसतात. कोट कडक इस्त्रीचा, गळ्यात कोरा स्टेथोस्कोप. हृदयाची तपासणी हा त्यांच्या शिक्षणातला मोठा धडा असतो आणि तो पुस्तकातून शिकता येत नाही. त्याला माणूस लागतो. सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांत हे माणूस बहुधा गरीब असतं, आणि पुष्कळदा ती बाई असते.

ही तपासणी काय असते, हे आपल्यालाही ठाऊक असायला हवं. आधी नाडी: ठोके किती, एकसारखे पडतात की चुकतात, दोन्ही हातांत सारखे लागतात का. मग रक्तदाब. मग पेशंटला पाठ थोडी उंच करून निजवून मानेच्या शिरेतली धडधड पाहायची. मग छाती. तिचा आकार, हालचाल, कुठे ठोका दिसतो का, हे नुसत्या डोळ्यांनी बघायचं. नंतर तळहात ठेवून हृदयाच्या टोकाचा ठोका शोधायचा. तो साधारणपणे डावीकडे, पाचव्या बरगडीखालच्या फटीत, गळपट्टीच्या हाडाच्या मध्यातून सरळ खाली ओढलेल्या रेषेच्या किंचित आत लागतो. त्यानंतर स्टेथोस्कोप लावून चारही झडपांच्या जागी ऐकायचं, डाव्या कुशीवर वळवून ऐकायचं, पुढे वाकवून श्वास सोडायला लावून ऐकायचं. शेवटी फुफ्फुसांच्या तळाशी ऐकून पावलांवरची सूज दाबून पाहायची. नीट केलं तर या साऱ्याला वीज लागत नाही, महागडं यंत्र लागत नाही. ज्या तालुक्यात इकोची सोय नाही तिथेही हे करता येतं.

आता बघा, ठोक्याची जी जागा सांगितली ती बाईच्या बाबतीत डाव्या स्तनाखाली येते. सगळी अडचण इथून सुरू होते. ही अडचण दोन रीतींनी सोडवली जाताना मी पाहते, आणि दोन्ही रीती बाईवर अन्याय करणाऱ्या आहेत.

पहिली रीत अशी. झडपेचा विकार असलेली बाई वॉर्डात दाखल होते. तिच्या हृदयात स्पष्ट मर्मर ऐकू येते, म्हणजे ती ‘चांगली केस’. ही बातमी वसतिगृहापर्यंत पोचते. सकाळी एक तुकडी, दुपारी दुसरी, परीक्षा जवळ आली की रात्रीसुद्धा दोघं-तिघं. पडदा असला तर अर्धवट ओढलेला. ‘‘मावशी, जरा ब्लाऊज वर घ्या’’, एवढंच बोलणं. कशासाठी, किती जण तपासणार, नको म्हटलं तर चालेल का, यातलं काहीच नाही. बाई मान भिंतीकडे वळवते आणि डोळे मिटून घेते. अशा एका बाईला मी विचारलं, त्रास होतो का? ती म्हणाली, ‘‘ताई, फुकट औषध देतात, मग नाही कसं म्हणू?’’ हे वाक्य आपण सगळ्यांनी नीट ऐकायला हवं. उपचार फुकट असले तरी शरीराने किंमत चुकवावीच लागते, असं तिने गृहीत धरलं आहे. खासगी खोलीतल्या पेशंटकडे विद्यार्थ्यांची तुकडी जात नाही. शिकणं कोणाच्या अंगावर होतं, हा प्रश्न वर्गाचा आहे, जातीचा आहे आणि बाईपणाचाही आहे.

दुसरी रीत वरवर सभ्य दिसते. विद्यार्थी संकोचतो. ब्लाऊजवरूनच, कधी पदरावरून, स्टेथोस्कोप टेकवतो, दोन ठिकाणी ऐकल्यासारखं करतो आणि ‘हृदयाचे ठोके ठीक’ असं लिहून मोकळा होतो. स्तनाखालची जागा तपासलीच जात नाही. मुलगेच असं करतात असं नाही, मुलीही करतात. कारण कसं विचारावं, काय झाकावं, हात कुठे ठेवावा, हे त्यांना कोणी शिकवलेलंच नसतं. हीच सवय घेऊन ते उद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जातात. पन्नास बायकांची ओपीडी, दार उघडं, बाहेर रांग. तिथे तर पदरावरूनच काम भागतं. ही अडचण केवळ आपल्याकडचीही नाही. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, सार्वजनिक ठिकाणी हृदय बंद पडून कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना आजूबाजूच्या लोकांनी छाती दाबून मदत केली. स्त्रियांपैकी मात्र ३९ टक्क्यांनाच ती मिळाली.

एका रीतीत न विचारता उघडं करायचं, दुसरीत तपासायचंच नाही. या गोष्टी एकमेकींच्या उलट वाटल्या तरी त्यांचं मूळ एकच आहे. दोन्हींत बाईची छाती ही लाजेची वस्तू आहे. ती दुखणं असलेल्या माणसाची छाती नाही. आणि दोन्हींत तिला एक शब्द विचारलेला नाही.

यात केवळ मानापमानाचा प्रश्न असता तरी तो पुरेसा होता. पण प्रश्न जिवाचा आहे. आपल्या देशात अजूनही संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडतात. लहानपणी घसा दुखतो, मग ताप येतो, सांधे सुजतात. दाटीवाटीच्या घरांत हे जास्त. त्यानंतर डाव्या बाजूची झडप हळूहळू अरुंद होत जाते. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. पुष्कळ जणींना लग्न होईपर्यंत त्याचा पत्ताही नसतो. दिवस जातात तेव्हा शरीरातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, हृदयावरचा भार वाढतो, आणि अरुंद झडपेतून ते पुढे सरकत नाही. बाईला धाप लागते, रात्री उशाला दोन उश्या घ्याव्या लागतात, पाय सुजतात. घरात म्हणतात, ‘पोटुशी बाईला धाप लागायचीच.’ दवाखान्यात म्हणतात, ‘रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या घे.’ कळा सुरू झाल्यावर आणि बाळंत झाल्याबरोबर हृदयावर आणखी ताण येतो. फुफ्फुसांत पाणी भरून बाई हातची जाऊ शकते.

या विकाराची मर्मर खालच्या पट्टीतली असते, हलकी आणि घरघरती. ती ऐकायला बाईला डाव्या कुशीवर वळवावं लागतं, स्टेथोस्कोपची घंटेसारखी बाजू उघड्या त्वचेवर हलकेच टेकवावी लागते, आणि खोलीत शांतता लागते. ब्लाऊजवरून ऐकलं तर कापडाच्या घासण्याचाच आवाज येणार. म्हणजे ज्या आवाजावर दोन जीव अवलंबून आहेत तो संकोचाने तपासणाऱ्याला ऐकूच येत नाही. वेळीच ओळखलं तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन देऊन हा ताप पुन्हा येण्यापासून रोखता येतो, औषधांनी भार हलका करता येतो, आणि मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन अरुंद झडप उघडताही येते. गरज पडल्यास गरोदरपणातसुद्धा. उपाय आहेत, ओळखणारे कान हवेत.

ओळखल्यावरही वाट सरळ नसते, हे मला रोज दिसतं. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, जन्मजात हृदयदोषासाठी शस्त्रक्रिया सुचवलेल्या मुलग्यांपैकी ७० टक्क्यांची शस्त्रक्रिया झाली, मुलींपैकी फक्त ४४ टक्क्यांची. ‘छातीवर व्रण राहील, लग्न कसं जमणार?’ हे वाक्य मी माझ्या टेबलासमोर कितीदा ऐकलं आहे. आणि वय झालेल्या बाईला हृदयविकाराचा झटका आला की छातीतल्या दुखण्याबरोबर किंवा त्याऐवजी धाप, मळमळ, पाठीत-जबड्यात दुखणं, कमालीचा थकवा असं काहीतरी ती सांगते. तेव्हा ‘गॅस असेल’, ‘ताण घेतेस’ म्हणून तिची बोळवण होते. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञ बर्नाडिन हीली यांनी १९९१ साली लिहिलं होतं की, आपलं हृदय पुरुषाइतकंच आजारी आहे हे सिद्ध केल्याशिवाय बाईला पुरुषाइतके उपचार मिळत नाहीत. ही तक्रार अजून जुनी झालेली नाही.

गंमत म्हणजे, ज्या स्टेथोस्कोपबद्दल आपण बोलतो आहोत तो जन्मला एका बाईमुळेच. पॅरिसमध्ये १८१६ साली रेने लेनेक या डॉक्टरपुढे हृदयविकाराची लक्षणं असलेली एक तरुणी आली. तेव्हा छातीला थेट कान लावून ऐकत. तिचं वय आणि तिचं बाई असणं पाहता ते त्याला योग्य वाटलं नाही. त्याने कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवलं, दुसऱ्याला कान लावला, आणि आवाज कानाने ऐकू येई त्याहून स्पष्ट आला. बाईची अदब राखायची तर नीट तपासता येणार नाही, असं आजही काही वरिष्ठ म्हणतात. त्यांना त्यांच्याच गळ्यातल्या नळीचा हा इतिहास सांगावा. अदब राखली म्हणून ऐकणं सुधारलं.

बाईला तपासायला बाई डॉक्टर हवी, ही गरज ओळखून आनंदीबाई जोशी सातासमुद्रापार गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. आज वर्गात मुली भरपूर आहेत, ही मोठीच गोष्ट आहे. पण केवळ मुली आल्याने पद्धत बदलत नाही. पद्धत शिकवावी लागते. आणि ती शिकवता येते. आमच्या इथल्या एका प्राध्यापिका मॅडम ती शिकवतात. आधी पेशंटशेजारी बसायचं, आपलं नाव सांगायचं, ‘मी विद्यार्थी आहे’ हे स्पष्ट सांगायचं. ‘तुम्हाला बरं करण्यासाठी नाही, मला शिकण्यासाठी तपासतो आहे, नको असेल तर तुमच्या उपचारात काही कमी होणार नाही’, असं म्हणायचं. पडदा पूर्ण ओढायचा. सिस्टर किंवा वॉर्डातल्या मावशींना जवळ उभं करायचं. हात धुऊन, चोळून गरम करायचे. छातीवर स्वच्छ चादर ठेवायची आणि जेवढा भाग ऐकायचा तेवढाच मोकळा करायचा. स्तन वर उचलायचा असेल तर बाईलाच आपल्या हाताने उचलायला सांगायचं. एका वेळी दोघांहून अधिक जण नाहीत. झाल्यावर तिला आधी झाकायचं, मग काय ऐकलं ते तिला तिच्या भाषेत सांगायचं. मॅडमच्या हाताखालच्या विद्यार्थ्यांची मर्मर चुकत नाही. वेळ लागतो तो फार तर पाच मिनिटं जास्त.

हे त्या मॅडमच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत, पुरुष डॉक्टर तपासत असताना सोबत स्त्री असण्याचा हक्क नोंदला आहे. एका उपचाराला दिलेली संमती दुसऱ्याला लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ साली सांगितलं. तो खटला शस्त्रक्रियेचा होता. पण दाखल होताना दिलेला अंगठा म्हणजे विद्यार्थ्यांच्या दहा तुकड्यांना दिलेली परवानगी नव्हे, हे म्हणायला आपल्याला त्यातून बळ मिळतं. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद हा विषयही आला आहे. तो वर्गातून खाटेपर्यंत पोचतो का, एवढंच पाहायचं आहे.

ते पाहण्याचं काम आपलं आहे. बॉस्टनच्या स्त्रीआरोग्य चळवळीतल्या बायकांनी १९७० च्या दशकात वैद्यकीय विद्यार्थ्यांना स्त्रीची आतून तपासणी कशी करावी हे स्वतःच्या शरीरावर, स्वतः शिकवण्याचा प्रयोग केला होता. तपासली जाणारी बाई शिक्षिका झाली की खोलीतली सत्ताच बदलते. आपल्याला तेवढं लगेच जमणार नाही. पण काही गोष्टी जमतील. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांना भेटून विचारू या: प्रत्येक स्त्री वॉर्डात पुरे पडणारे पडदे आहेत का? विद्यार्थी संमती विचारतात का? परीक्षेत गुण फक्त मर्मर ओळखण्याला आहेत, की बाईशी वागण्यालाही? सनद मराठीत, वाचता येईल अशा जागी लावली आहे का? आपल्या गटांमध्ये धाप, सूज, लहानपणीचा सांधेदुखीचा ताप यांबद्दल बोलू या. गरोदर मैत्रिणीला सांगू या की, ‘जिना चढताना, आडवं पडल्यावर धाप लागत असेल तर लोहाच्या गोळीवर समाधान मानू नकोस, माझं हृदय नीट तपासा, असं म्हण.’ आणि हेही सांगू या की विद्यार्थ्याला ‘आत्ता नको’ म्हणणं हा उद्धटपणा नाही, आणि नीट विचारणाऱ्याला ‘हो’ म्हणणं ही लाजेची गोष्ट नाही. डॉक्टर घडायला आपली शरीरं लागतात. ती उसनी द्यायला आपली ना नाही; मात्र मागून न्यावीत.

तुमच्या भागातल्या रुग्णालयात काय अनुभव आले, चांगले आणि वाईट दोन्ही, ते जरूर लिहून कळवा. पुढच्या अंकात ते एकत्र छापू, म्हणजे अधिष्ठात्यांकडे जाताना आपल्या हातात काही असेल.