फांदी वेगळी नको, खोडावरच वाढू द्या

आमच्या घरातल्या संगणकवाल्या पोरांचा एक वाद कायमचा आहे. सॉफ्टवेअरमधला बदल सगळ्यांच्या मूळ प्रतीत, म्हणजे 'मेन ब्रँच'वर, थोडा थोडा करावा, की वेगळी ब्रँच काढून पूर्ण करावा आणि मग आणून जोडावा? भाचा दुसऱ्या पक्षाचा. "मावशी, २००५ मध्ये गिट आल्यापासून ब्रँच काढणं चुटकीसरशी होतं. अर्धवट काम मूळ प्रतीत कशाला घालायचं?"

माझं मत पहिल्या बाजूचं. ते शाळेतून आलेलं आहे.

सावरकरांच्या लिपिसुधारणेत इ, ई, उ ऐवजी अि, अी, अु होतं. 'किर्लोस्कर' मासिकाने ते छापूनही पाहिलं. पण शाळेतली मुलं इ, ई हेच गिरवत राहिली. वेगळ्या फांदीवर वाढलेली सुधारणा खोडाला जुळलीच नाही.

आता २०१९ आठवा. बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' आलं आणि केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या मंगला नारळीकरांनी किती बोलणी खाल्ली! ज्यांनी वर्गात खडू धरलाय त्यांना दुखणं ठाऊक आहे. 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी ऐकू येतो, म्हणून मूल ३६ लिहितं. शिवाय जुना शब्द काढलेला नव्हता, दोन्ही शेजारी शेजारी होते. संगणकवाले याला 'फीचर फ्लॅग' म्हणतात. नवं मूळ प्रतीतच असतं, जुनंही चालू राहतं, ज्याला जे हवं ते त्याने वापरावं.

"आधी दोन-चार शाळांत वेगळं करून बघा," असं म्हणणं सोपं आहे. पण त्या शाळेतलं पोर तिसरीत दुसऱ्या गावी गेलं, की त्याचं 'वीस एक' तिथे कुणाला कळणार? ब्रँचचंही तसंच. ती वेगळी राहते तोवर मूळ प्रत पुढे गेलेली असते. जितके दिवस जास्त, तितकं जोडणं अवघड.

मूळ प्रतीत बिघाड झाला तर सगळ्यांनाच भोगावा लागतो, हे भाच्याचं म्हणणं खरं आहे. म्हणूनच बदल लहान हवा, तपासलेला हवा, मागे घेता येणारा हवा. ब्रँच काढायचीच तर सकाळी काढा, संध्याकाळी जोडा. इथे काशीदला वाडीवाला कुणीही सांगेल, कलम काडीचं होतं, मोठ्या फांदीचं होत नाही.

भाचा हे वाचेलच. उत्तर दे रे बाबा, पण तीन महिन्यांनी एकदम नको!