मराठी भुताला पानं द्या

‘मराठीत कॉमिक खपत नाही.’ संपादक, प्रकाशक, ओळखीतले लेखक, सगळे हे वाक्य अनुभवाचे बोल असल्यासारखं ऐकवतात. त्यांना एकच विचारा: तुम्ही शेवटचं भयकॉमिक कधी छापलंत? बहुतेकांनी कधीच नाही. जे दुकानात ठेवलंच नाही, ते खपत नाही हे कळलं कसं?

मी अष्टमीत राहतो आणि भुतं काढतो. कुंडलिकेच्या पलीकडे रोहा, तिथून कोकण रेल्वे सुरू होते. या पट्ट्यात भुतांची टंचाई नाही. मुंजा पिंपळावर, गिऱ्हा पाण्यात, चकवा वाटेवर. प्रत्येकाची जागा ठरलेली, खोड ठरलेली. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरींनी मराठी वाचकाला पिढ्यानपिढ्या रात्री दिवा लावून झोपायला लावलंय. म्हणजे गोष्टी आहेत आणि घाबरायला तयार असलेला वाचकही आहे.

हातही आहेत. 1986 साली दिल्लीच्या राज कॉमिक्सचा ‘नागराज’ आला, तो चितारला पुण्याच्या प्रताप मुळीकांनी. ‘अमर चित्र कथा’ची कितीतरी पुस्तकं मुळीक, राम वाईरकर, दिलीप कदम यांनी रेखाटली. कुंचला मराठी, फुग्यातली भाषा दुसरी. ‘तुंबाड’ (2018) आणि ‘मुंज्या’ (2024) यांचंही तेच झालं: भूत आपलं, सिनेमा हिंदी. राही अनिल बर्वे यांनी ‘तुंबाड’साठी सुमारे 700 पानांचा स्टोरीबोर्ड केला होता. सिनेमा उभा करायला गोष्ट आधी चित्रांत मांडावी लागते, हे आपल्याला मान्य आहे. चित्रांतलीच गोष्ट वाचायला द्यायची म्हटलं, की कागद महाग होतो.

मग नव्या चित्रकाराला मिळतं काय? मुखपृष्ठ. नाहीतर कथेच्या डोक्यावरचं एक चित्र. एका दिवाळी अंकाने माझ्याकडून असं चित्र घेतलं. मानधनाचं विचारल्यावर उत्तर आलं, ‘नाव छापतोय ना!’ पैशांचा राग आहेच, पण माझं खरं भांडण वेगळं आहे. एका चित्रात भीती मावत नाही. एका चित्रात फार तर भुताचा चेहरा मावतो. भीती असते दोन चौकटींच्या मधल्या जागेत. विहिरीकडे जाणारी बाई, तिची रिकामी कळशी, पाण्यावरचं तरंगतं पान, आणि पान उलटल्यावर काय, ते अजून दिसलेलं नाही. हे जमायला पानं लागतात, ती फसायला लागतात आणि फसलेली पानं कुणीतरी वाचायला लागतात. फक्त मुखपृष्ठं काढून माणूस सुळे काढायला शिकतो, भीती दाखवायला नाही.

जुंजी इतो आज जगभर वाचला जातो. आपल्या इन्स्टाग्रामवरही त्याच्या चौकटी फिरतात. तो दातांच्या कवळ्या बनवणारा तंत्रज्ञ होता. 1987 साली त्याने ‘तोमिए’ची गोष्ट एका भयकॉमिक मासिकाच्या स्पर्धेला पाठवली. काझुओ उमेझूंच्या नावाच्या त्या स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं नाही, नुसती उल्लेखनीय म्हणून दाद मिळाली. तरी मासिकाने गोष्ट छापली. पुढची काही वर्षं तो नोकरी सांभाळून चित्रं काढत राहिला. प्रतिभा त्याचीच होती, पण पहिली कच्ची गोष्ट पाठवायला पत्ता होता. आपला पोरगा धाटावच्या कारखान्यात पाळी करून रात्री चौकटी आखेल. त्याने त्या पाठवायच्या कुठे?

‘सोशल मीडिया आहे की!’ आहे. पण तिथे अंगठा एका क्षणात पुढे सरकतो, म्हणून तिथेही पुन्हा एकच चित्र चालतं, पुन्हा सुळेच. ते मुखपृष्ठाचंच फुकटातलं रूप झालं.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक दिवाळी अंकाने वर्षाला एका नव्या चित्रकाराला 16 पानं द्यावीत. पानाचा दर आधी सांगावा. गोष्ट नाकारली, तर कोणती चौकट फसली ते दोन ओळींत कळवावं. आणि कागद महाग असेल, तर हे तुम्ही वाचताय तसल्या वेबनियतकालिकांना कागदाचा खर्चच नाही. फोनवर पान उलटण्याऐवजी बोट वर सरकवायचं असतं. पुढची चौकट स्क्रीनच्या खालच्या कडेला दबा धरून बसू शकते. भयकॉमिकला याहून सोयीची जागा कुठली?

16 पानं छापा. ती पडली, तर ‘खपत नाही’ म्हणायचा हक्क तुमचा. तोवर ते वाक्य म्हणजे पिंपळावरचा मुंजा आहे: पाहिला कुणीच नाही, घाबरतात सगळे.